एअर शोला गेलात तर सिम्युलेटरची रांग सोडू नका

एअरो इंडियाला जाणारे बहुतेक लोक दिवसभर मान वर करून उभे असतात आणि मला ते अगदी समजतं, बंगळुरूजवळच्या येलहंकाच्या धावपट्टीवरून सुखोई आफ्टरबर्नर लावून सुटलं की छातीत जे धडधडतं ते कुठल्याही व्हिडिओत येत नाही. तरीही ओळखीतल्या प्रत्येकाला मी हेच सांगतो की दुपारचं ऊन चढलं की हॉलमध्ये शिरा, आणि जिथे कुठे फायटरचं सिम्युलेटर, म्हणजे जमिनीवरच उडवल्याचा अनुभव देणारं कॉकपिट मांडून ठेवलंय, समोर वाकडा मोठा पडदा आहे आणि पोराटोरांची रांग लागलीय तिथे जाऊन उभे राहा. तास गेला तरी चालेल. वर आकाशात विमान काय करतंय ते सगळ्यांनाच दिसतं, पण त्यात बसलेला माणूस त्या क्षणाला कशाकडे बघतोय, कशाची काळजी करतोय, हात कुठे आहेत, हे कळायला सामान्य माणसाला दुसरी जागाच नाही.

मी मूळचा ओझरचा. नाशिककर ज्याला ओझर मिग म्हणतात तेच. हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा, म्हणजे एचएएलचा, तिथला कारखाना साठच्या दशकात मिग-२१ बनवायला उभा राहिला, नंतर सुखोई-३० आली, आणि १७ ऑक्टोबर २०२५ ला तिथल्या लाइनवरचं पहिलं तेजस मार्क-१ए उडालं. म्हणजे लहानपणापासून डोक्यावर फायटरचा आवाज होताच, पण खरं सांगतो, आतमध्ये काय चालतं याची मला शून्य कल्पना होती. आमच्या गावात घरटी एक माणूस विमान बनवण्याशी कुठूनतरी जोडलेला, तरी उडवणं म्हणजे नक्की काय हे विचारायला कोणी नव्हतं. पुढे नोकरीसाठी बंगळुरूला आलो आणि एअरो इंडियाची सवय लागली. हा शो १९९६ ला सुरू झाला, २००१ पासून विषम सालीच होतो, बहुतेक फेब्रुवारीत. आधीचे दिवस धंद्याचे, शेवटचे दिवस पब्लिकचे.

आता कंपन्या हे कॉकपिट मांडतात ते काही आपल्या प्रेमापोटी नाही हे उघड आहे. लॉकहीड मार्टिनने २०१९ च्या शोमध्ये भारतासाठी म्हणून एफ-२१ हे फायटर जाहीर केलं तेव्हा सोबत त्याचं कॉकपिट डेमॉन्स्ट्रेटर आणलं होतं, स्वीडनची साब कंपनी तिच्या ग्रिपेन फायटरचं सिम्युलेटर आणते, आणि धंद्याच्या दिवसांत त्या खुर्चीत वायुसेनेचे अधिकारी, पत्रकार, मंत्रालयातली मंडळी बसतात. ते विक्रीचं साधन आहे. मोठे टचस्क्रीन, रडारचं चित्र किती स्वच्छ दिसतं, हे गिऱ्हाइकाला दाखवायचं असतं. पब्लिकचे दिवस येईपर्यंत काही स्टॉलवाले आवराआवर करायला लागलेले असतात, काही ठिकाणी फक्त फोटो काढू देतात. पण जिथे उडवू देतात तिथे तेच मशीन एखाद्या दहावीतल्या पोराच्या हातात येतं, आणि ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

कोणी म्हणेल की जत्रेतल्या पाळण्यासारखं हे, गंमत आहे, त्यात एवढं काय. पण सिम्युलेटर जन्मलाच मुळी तिथे. एडविन लिंक नावाचा अमेरिकन माणूस, न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टनचा, त्याच्या वडिलांचा आपोआप वाजणारे पियानो आणि ऑर्गन बनवायचा कारखाना. या पठ्ठ्याला विमान शिकायचं होतं आणि विमानाचे तास प्रचंड महाग, म्हणून त्याने ऑर्गनमधले हवेचे भाते घेतले आणि त्यावर लाकडाचं छोटंसं विमान बसवलं, स्टिक हलवली की भात्यांतली हवा कमीजास्त होऊन ते झुकायचं, वळायचं. १९२९ ला पेटंटसाठी अर्ज केला आणि त्या पेटंटच्या नावातच शिकाऊ वैमानिकांसाठी प्रशिक्षण यंत्र आणि करमणुकीचं साधन असं दोन्ही लिहिलंय. सुरुवातीला ते विकत घेतलं कोणी, तर मनोरंजन पार्कवाल्यांनी! विमान शाळांना आणि सैन्याला ते खेळणं वाटलं. मग १९३४ ला अमेरिकन आर्मीच्या एअर कोअरवर टपाल वाहून नेण्याची जबाबदारी पडली, पायलटना ढगांतून आणि रात्री नुसत्या यंत्रांकडे बघून उडायचा सराव नव्हता, आणि थोड्याच आठवड्यांत एकामागून एक माणसं मेली. त्यानंतर आर्मीने लिंकची सहा यंत्रं घेतली. दुसरं महायुद्ध संपेपर्यंत अशी हजारो यंत्रं झाली आणि साधारण पाच लाख लोक त्यावर शिकले असं सांगतात. म्हणजे नाणं टाकून पोरं ज्यात बसायची, त्याच डब्याने नंतर लाखो वैमानिकांना ढगात जगायला शिकवलं. त्यामुळे शोमधल्या सिमला कोणी नुसता टाइमपास म्हटलं की मला खरंच वाईट वाटतं.

आणि आपल्या तेजसचं उदाहरण तर अजून जवळचं आहे. ते विमान मुद्दाम अस्थिर बनवलंय, म्हणजे कॉम्प्युटर नसेल तर माणूस ते सरळ ठेवूच शकणार नाही, चार पदरी डिजिटल फ्लाय-बाय-वायर, म्हणजे स्टिक आणि पंखांच्या मधला कॉम्प्युटर, सतत पंखांचे कंट्रोल हलवत असतं म्हणून ते उडतं, आणि त्या बदल्यात चपळाई मिळते. असं विमान एकदम हवेत नेऊन बघू काय होतंय असं करताच येत नाही. बंगळुरूच्याच एडीई या डीआरडीओच्या प्रयोगशाळेतल्या सिम्युलेटरवर टेस्ट पायलट आणि इंजिनिअर बसून कंट्रोलचे नियम घासूनपुसून घेत होते, आणि मग ४ जानेवारी २००१ ला विंग कमांडर राजीव कोठियाल यांनी ते पहिल्यांदा उडवलं. तेजस बघायला येणाऱ्या गर्दीला हे कोणी सांगत नाही. सांगायला पाहिजे, त्या कॉकपिटच्या शेजारी मोठ्या अक्षरात बोर्ड लावून सांगायला पाहिजे.

मागे एकदा भाचीला घेऊन गेलो होतो, बारावी सायन्सची पोरगी, ताईने पाठवलेली, कॉलेजच्या फिजिक्सला वैतागलेली. एका स्टॉलवर रांग होती आणि खुर्चीच्या बाजूला एक निवृत्त वायुसेना अधिकारी उभे होते, पांढऱ्या मिशा, आवाज शांत. पुढची मुलं बसत होती ती सगळी एकच मागत होती, मिसाइल कुठलं बटण. ते देतही होते. भाची बसली आणि म्हणाली सर मला लँडिंग करायचंय. त्यांचा चेहरा जो खुलला! त्यांनी हत्यारं बंद केली, विमान धावपट्टीपासून काही किलोमीटरवर हवेत आणून ठेवलं आणि म्हणाले, बेटा, स्टिक दो उंगली से पकडो. तिने आधी सगळ्यांसारखीच मूठ आवळली होती आणि विमान वरखाली वरखाली डुलत होतं. होतं काय की नाक वर गेलं म्हणून तुम्ही दाबता, ते खाली जायला थोडा वेळ लागतो, तेवढ्यात तुम्ही अजून दाबलेलं असतं, मग जास्त खाली जातं म्हणून ओढता, आणि हा झोका आपणच वाढवत नेतो. खऱ्या पायलटांनाही हे होतं आणि त्यात खरी विमानं आपटलीत. ते म्हणाले सोड. सोडून दे. तिने हात काढला आणि विमान आपोआप जिथे होतं तिथे स्थिर झालं, कारण कॉम्प्युटर सांभाळतोय.

मग त्यांनी समोरच्या काचेवर, हडमध्ये म्हणजे हेड-अप डिस्प्लेमध्ये, एक छोटं हिरवं गोल दाखवलं, त्याला दोन बाजूंना रेघा, वर एक शेपटी. म्हणाले हे बघ, विमान नक्की कुठे चाललंय ते हे सांगतं. नाकाकडे बघू नकोस. आणि इथे माझी भाची एकदम गप्प झाली, कारण तिला दिसत होतं की विमानाचं नाक आकाशाकडे आहे पण ते हिरवं गोल खाली धावपट्टीच्या सुरुवातीवर टेकलंय. नाक एकीकडे, जाणं दुसरीकडे. डेल्टा पंखांचं विमान कमी वेगात उतरताना असं नाक बरंच वर काढून येतं, पंख हवेला जास्त कोनात धरतो तेव्हाच त्या वेगात पुरेशी लिफ्ट, म्हणजे वर उचलणारा जोर, मिळते, आणि हा जो नाक आणि प्रत्यक्ष वाट यांच्यातला कोन तोच अँगल ऑफ अटॅक. पुस्तकात ती आकृती तिने पाहिली असणारच. पण इथे वेग कमी केला की तो कोन तिच्या डोळ्यांसमोर उघडत होता, थ्रॉटल, म्हणजे डाव्या हातातला इंजिनचा जोर वाढवायचा दांडा, पुढे नेलं की मिटत होता, आणि ते सगळं तिच्या डाव्या हाताला कळत होतं. साधारण तीन डिग्रीचा उतार धरून ती खाली आली, जरा आपटली, धावपट्टीच्या डावीकडे गेली, पण थांबली. मागची मुलं टाळ्या वाजवत होती. सर म्हणाले, पहिल्या वेळेला एवढं पुष्कळ झालं.

उतरल्यावर ती मला म्हणाली, मामा, वेग कमी केल्यावर विमान पडतं असं मला वाटायचं, पण आधी नाक वर येतं. बस. एवढंच म्हणाली. मग कँटीनपर्यंत चालताना एकामागून एक प्रश्न सुरू झाले, एनडीएचं काय, मुली घेतात का आता, मी सांगितलं घेतात गं, खडकवासल्याहून मुलींची पहिली बॅच ३० मे २०२५ ला पासआउट झाली, १७ जणी. २०१६ ला अवनी चतुर्वेदी, भावना कंठ आणि मोहना सिंग या तिघी पहिल्या महिला फायटर पायलट म्हणून वायुसेनेत आल्या तेही सांगितलं. ती पुढे काय करेल ते ती बघेल, तिच्यावर मी काही लादणार नाही. मला त्या खुर्चीशेजारच्या माणसाचं कौतुक आहे. तेच मशीन, तेच सॉफ्टवेअर, आधीच्या मुलांना त्यात गेम मिळाला आणि हिला विमान मिळालं, फरक फक्त ही काय मागतेय ते ऐकून कोणीतरी पाच मिनिटं नीट शिकवलं एवढाच.

म्हणून ज्या स्टॉलवर चार व्हीआर हेडसेट लावलेत, पोरगा येतो, हेडसेट घालतात, तीन मिनिटं धडाधड गोळ्या, स्क्रीनवर स्कोअर, पुढचा, ते बघून मला राग येतो. गर्दी पटापट सरकते हे मान्य, हजारो माणसं असतात, एका खुर्चीवर बसणं-उतरणं धरून तासाला आठ-दहाच जण होतात, मी गणित समजू शकतो. पण त्या पोराला तिथून काय मिळालं? विमान कसंही वळवलं तरी चालतं, वेग कधी संपतच नाही, जमिनीला लागलं तरी पुढे. खरं तर हवेतल्या लढाईचं अर्धं शहाणपण वेग कुठे खर्च करायचा यातच आहे. स्टिक पोटाशी ओढून करकचून वळलात की शत्रूकडे नाक लवकर येतं पण वेग धुवून निघतो, आणि मग तुम्ही हवेत हळू, जड, सोपं लक्ष्य. उंची म्हणजे साठवलेला वेग, खाली झेपावून तो परत मिळवता येतो, पण खाली जमीन आहे. चांगल्या सिममध्ये हे दोन वळणांत कळतं. पहिल्या वळणात पोरगं खूश, दुसऱ्या वळणात विमान थरथरायला लागतं आणि तिसरं वळण होतच नाही, तेव्हा शेजारच्याने फक्त वेगाच्या आकड्यावर बोट ठेवायचं. बाकी काही बोलायची गरज नाही. आणि हल्लीची लढाई तर बऱ्याचदा विमान डोळ्याला दिसायच्या आधीच रडार आणि लांब पल्ल्याच्या मिसाइलवर ठरते, हेही त्या खुर्चीत बसून दाखवता येतं, मुलं कंटाळत नाहीत, मी पाहिलंय, उलट त्या पडद्यावरच्या ठिपक्यांकडे जास्त डोळे लावून बसतात.

सिम काय देऊ शकत नाही हेही तिथेच स्पष्ट सांगावं असं मला वाटतं. सर्वात मोठी गोष्ट म्हणजे जी, करकचून वळताना आपलं वजन किती पट होतं त्याचं माप. ९ जी च्या वळणात ७० किलोच्या माणसाचं वजन ६३० किलो होतं, रक्त पायाकडे उतरतं, नजर कडेकडून काळी पडत जाते, पायलट पाय आणि पोट आवळून विशिष्ट तऱ्हेने श्वास घेत डोक्यात रक्त टिकवतो आणि हे सगळं करत असताना मान वळवून मागे शत्रू शोधत असतो. खुर्ची हलवून हे येत नाही. सहा पायांवर हलणारे मोशन प्लॅटफॉर्म असतात, एअरलाइनच्या सिमना ते शोभतात, एक धक्का द्यायचा आणि मग माणसाला कळणार नाही इतक्या हळू परत जागेवर यायचं ही त्यांची युक्ती, पण फायटरचं दहा-पंधरा सेकंद टिकणारं वजन त्यांना दाखवता येत नाही, म्हणून बरीच फायटर सिम हलतच नाहीत. त्यासाठी सेंट्रिफ्यूज लागतं, बंगळुरूलाच इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिनमध्ये आहे, लांब दांड्याच्या टोकाला बसवून गरगर फिरवतात. पब्लिकला ते मिळणार नाही आणि मिळूही नये. पण एअर कंडिशन हॉलमध्ये आरामात बसून उडवलेल्या पोराला कोणी एवढं सांगितलं की हेच सगळं तुला छातीवर तीन माणसं बसलेली असताना करायचंय, तर बाहेर जाऊन तो पुढचं सुखोई वेगळ्या नजरेने बघतो.

आणि दुसरं, रीसेट. सिममध्ये पडलं की बटण दाबतात. २०१९ च्या एअरो इंडियाच्या आदल्या दिवशी, १९ फेब्रुवारीला, सरावात वायुसेनेच्या सूर्यकिरण या कसरती करणाऱ्या पथकाची दोन हॉक विमानं एकमेकांना लागली आणि विंग कमांडर साहिल गांधी गेले. २१ नोव्हेंबर २०२५ ला दुबईच्या शोमध्ये तेजस पडलं आणि विंग कमांडर नमांश स्याल गेले. तेव्हा ते बातम्यांतले व्हिडिओ सगळीकडे फिरत होते आणि खाली लोक सहज लिहीत होते की असं करायला हवं होतं, तसं करायला हवं होतं. ज्याने एकदा तरी प्रामाणिक सिममध्ये कमी उंचीवर विमान पलटवून बघितलंय, जमीन किती झपाट्याने वर येते ते पाहिलंय, तो असं लिहायला धजणार नाही. मी तरी धजत नाही.

घरी मी डीसीएस नावाचं कॉम्प्युटरवरचं सिम्युलेटर उडवतो, बरेच जण उडवतात, आणि त्यातलं मिग-२१ बिस हे माझं सर्वात लाडकं मोड्यूल, म्हणजे विमान, आहे, ओझरच्या माणसाचं दुसरं कुठलं असणार. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदिगडला वायुसेनेने मिग-२१ ला निरोप दिला, आता भारतात ते उडताना दिसणार नाही, पण त्याचा छोटासा खिडकीचा कोंदट कॉकपिट, उतरताना लागणारा तो भयानक वेग, हे बसून अनुभवता येतं. इंग्लंडमध्ये डक्सफर्डला जुनी लढाऊ विमानं उडती ठेवणारी जी द फायटर कलेक्शन आहे, तीच डीसीएसची प्रकाशकही होती, म्हणजे एअर शोवाले आणि सिमवाले तिथे एकाच घरातले. मला आपल्याकडे हे पाहिजे. जानेवारी २०२४ ला मुंबईत मरीन ड्राइव्हवर वायुसेनेचा शो झाला, नोव्हेंबर २०२२ ला नागपूरला एअर फेस्ट झाला, केवढी तुफान गर्दी होते अशा ठिकाणी, आणि पुण्या-नाशिक-नागपुरात सिम उडवणारी इतकी जाणकार पोरं आहेत की ज्यांच्याकडे स्वतःची स्टिक, थ्रॉटल, मान वळवली की पडद्यावरचं दृश्य वळवणारं हेड ट्रॅकिंग सगळं आहे. त्यांना एक मंडप द्या, वीज द्या, सोबत एक निवृत्त पायलट बसवा. वायुसेनेची भरतीच्या प्रचाराची बस आहे, तिच्यात सिम्युलेटर असतात आणि ती गावोगाव फिरते, फार चांगली गोष्ट आहे, पण एक बस किती ठिकाणी पुरणार. शाळांनीही मागणी केली पाहिजे. एका सेटचा खर्च एका चांगल्या कॉम्प्युटर लॅबच्या मानाने काहीच नाही.

तोपर्यंत तुम्ही पुढच्या शोला जाल तेव्हा एवढं करा. पब्लिकच्या पहिल्या दिवशी जा, गेट उघडल्या उघडल्या आधी हॉल गाठा, सकाळचा डिस्प्ले सुरू झाला की सगळे बाहेर पळतात आणि रांग अर्धी होते, तीच वेळ धरा. घड्याळ, कडं काढून ठेवा, स्टिकला अडकतं. बसल्यावर मिसाइलचं बटण विचारू नका, मला टेकऑफ आणि लँडिंग दाखवा म्हणा, शेजारी उभा असलेला माणूस पायलट असेल तर तो तुम्हाला जास्त वेळ देईल हे मी खात्रीने सांगतो. मळमळीचा त्रास असेल तर व्हीआर हेडसेट नको, डोळे सांगतात वळतोय आणि कान सांगतो बसलोय, पोट ढवळतं, त्यापेक्षा मोठ्या पडद्याचं कॉकपिट निवडा आणि नजर क्षितिजावर ठेवा. लहान मुलांना पाय पोहोचत नसतील तर रडरशिवाय, म्हणजे पायाच्या पेडलांशिवायही उडवता येतं, सांगा त्यांना, बसवतील.